सहावीतला अधिकृत ढ

आमच्या शाळेत सहावीच्या वर्गात ढ विद्यार्थ्याची एकच जागा होती आणि ती बरीच वर्षं भरलेली होती. खिडकीकडच्या रांगेतला शेवटचा बाक. तिथे बसणाऱ्या विद्यार्थ्याचं वय मी शाळेत लागले तेव्हा पंचावन्न होतं. डोक्यावर चांदी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एकही लाल नाही. मस्टरवर मात्र त्यांची सही गणिताचे शिक्षक म्हणून असायची.

पहिल्याच दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "सरांचा एक तास बघून या. जुनी पद्धत आहे, पण बघून या." मी गेले, तर वर्गात सरच नव्हते. फळ्यापाशी दोन वेण्यांची एक मुलगी भागाकार करत होती आणि मागच्या बाकावरून एक केसाळ हात वर झाला होता.

"मला नाही कळलं. परत सांग."

मुलीने कमरेवर हात ठेवला. "सर, किती वेळा सांगायचं? कालपण हेच सांगितलं ना!"

"काल कळलं होतं. घरी जाईपर्यंत स्कूटरवरून सांडलं."

वर्ग हसला नाही, हे मला फार चमत्कारिक वाटलं. सगळे गंभीरपणे तिला सुचवू लागले, "अगं, तू वरचं शून्य कुठून आणलंस ते सांग त्यांना, तिथेच अडतात ते." मुलीने सुस्कारा टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी मनात म्हटलं, वा, काय सुख आहे. पोरांना कामाला लावायचं आणि आपण खिडकीतून वारा खायचा.

तेव्हा मी बरीच शहाणी होते. विरारला सातव्या मजल्यावर वाढलेली, बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, नवं कोरं बीएड आणि पाठीवर लॅपटॉप. आगाशीपासून थोडं पुढे असलेल्या या मराठी शाळेत मला इंग्रजीसाठी घेतलं होतं. शाळेला कुणीतरी मोठा टीव्ही भेट दिला होता, तो भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकून ठेवलेला मला सापडला आणि आता या शाळेचा उद्धार माझ्याच हातून होणार याबद्दल माझी खात्री पटली.

शिक्षकांच्या खोलीत मी सरांना हसत हसत विचारलं, "सर, तुम्ही ढ असल्याचं नाटक का करता?"

ते डबा उघडत होते. म्हणाले, "मॅडम, वर्ग म्हटला की लोकांना एक ढ लागतोच. नसला तर करमत नाही, मग कुणाला तरी धरून ढ करतात. म्हणून मी आधीच जाऊन बसतो. जागा भरलेली दिसली की दुसऱ्या कुणाला तिथे बसवता येत नाही."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला तो विनोद वाटला.

त्यांच्या ढपणाला नियम होते. मुलांना गणित येतंय एवढं पुरत नसे, ते सरांना समजावता यायला हवं. फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसायचं नाही. ते डाव्या कोपऱ्यात चौकट करून ठेवायचं, आणि का चुकलं हे कुणाला तरी सापडेपर्यंत तिथेच राहू द्यायचं. एकदा एक गणित अकरा दिवस राहिलं. बाकीच्या विषयांचे शिक्षक त्या चौकटीला वळसा घालून लिहायचे. भूगोलाच्या बाईंचा अर्धा महाराष्ट्र एकदा त्या चौकटीमुळे फळ्याबाहेर गेला, त्यावरून त्या आठवडाभर सरांशी बोलत नव्हत्या.

बरोबर उत्तराला बक्षीस नव्हतं. "बरोबर उत्तराला काय द्यायचं? ते स्वतःच बक्षीस आहे." बक्षीस होतं ते चांगल्या चुकीला. सर उमेळ्याचे. घरची केळीची वाडी. त्यांच्याकडे अजून राजेळी केळ्यांची सुकेळी करत, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधून. खडूंच्या पत्र्याच्या डब्यात खडूंशेजारी एका पुडीत ती ठेवलेली असत. चूक अशी हवी की जिच्यामुळे सगळ्या वर्गाला विचार करावा लागेल. मग सर ती मधासारखी चिकट सुकेळी बोथट चाकूने कापत आणि कापताना विचारत, "पाव देऊ की एक अष्टमांश देऊ? कोणता मोठा?" आठ हा आकडा मोठा म्हणून अष्टमांश मागणारं पोर आयुष्यात एकदाच तो मागत असे.

मी यायच्या आधीची एक गोष्ट मोठ्या बाई रंगवून सांगत. पाचवीतून नव्याने आलेल्या मुलांनी एकदा त्यांच्याकडे अर्ज दिला होता. वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. 'आम्ही सरांना रोज शिकवतो, परंतु त्यांच्या लक्षात राहत नाही. ते स्वभावाने चांगले आहेत. तरी त्यांना शाळा सुटल्यावर एक जादा तास द्यावा, ही नम्र विनंती.' सरांनी तो अर्ज मागून घेतला आणि महिनाभर शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून मुलांकडून जादा शिकवणी घेतली. पुढे स्कॉलरशिपला त्या वर्गातली कधी नव्हे एवढी मुलं लागली म्हणे.

करोनात फोन मुलांच्या हातात आले ते तिथेच राहिले. मी आले तोवर गृहपाठ फोनच करत होता. पोरं फोटो काढायची, उत्तर आलं की उतरवायची. मी त्याच्यावर उपाय म्हणून वह्यांवर मोठमोठे शेरे मारले, पालकांना चिठ्ठ्या धाडल्या, दोन फोन जप्तही केले. सरांनी काय केलं? म्हणाले, "खुशाल विचारा फोनला. तो हुशार आहे, मी ढ आहे. त्याने सांगितलेलं मला समजावा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी एका मुलाने सुंदर पाच ओळींचं गणित फळ्यावर उतरवलं. मागून हात वर. "दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत कसा गेलास रे?" मुलगा फळ्याकडे बघतोय, मुलांकडे बघतोय. सर म्हणाले, "जा, विचारून ये. मी थांबतो." पंधरा दिवसांत त्या पोरांनी फोनला उत्तरं विचारणं सोडलं आणि 'असं का' विचारायला लागली. एक मुलगी तर मला सांगत आली, "बाई, फोनलापण कधीकधी सांगता येत नाही. तो नुसतं वेगळ्या शब्दांत तेच बोलतो." मी जप्त केलेले फोन तेव्हा माझ्याच कपाटात होते.

तरीही मी त्यांना मानत नव्हते. खरं सांगायचं तर मला तो वर्ग हवा होता. इंग्रजीला कोण विचारतं? शाळेत ज्याचं गणित त्याचं वजन.

आणि तो वर्ग मिळायची वेळ आली. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस गावातून फिरत आणि दर जूनला आमच्या पटावरची नावं घेऊन जात. दोन वेण्यांची ती मुलगी, प्राची, तिचे वडील मोटरसायकलला कॅन लावून घरोघरी दूध घालत. ते पालकसभेत उभे राहिले. "मी सरांकडेच शिकलो. सर देवमाणूस. पण उद्या माझ्या पोरीला इंग्रजीत गणित आलं नाही तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? इंग्रजीतून शिकवा, नाहीतर मी तिला काढतो." पाठोपाठ आणखी पाचसात जण उभे राहिले. संस्थेने ठरवलं, जूनपासून सेमी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून.

सरांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं तेव्हा मीही तिथे होते, कारण विषय माझाही होता. बाई अवघडून म्हणाल्या, "सर, दोन वर्षं तुम्ही ग्रंथालय बघा, स्कॉलरशिपचे फॉर्म बघा. गणित या घेतील. तुम्हाला कशाला या वयात ताप?"

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "मी घेईन इंग्रजीतून," ते म्हणाले.

"जमेल?"

"बघू की. दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर मी आपणहून देतो यांना."

म्हणजे दिवाळीपर्यंत मला थांबायचं होतं, एवढाच अर्थ मी काढला.

जूनपासून माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. सहावीची पोरं आता सातवीत आली होती आणि सरही त्यांच्याबरोबर वर सरकले होते. पूर्वी त्या बाजूने बाजार भरल्यासारखा गलका यायचा, आता एकच आवाज यायचा. "टुडे वुई विल लर्न... द अप्पर नंबर इज कॉल्ड..." सर फळ्यापाशी उभे राहून बोलत होते. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. फळ्याचा डावा कोपरा स्वच्छ झाला, भूगोलाच्या बाईंना पूर्ण महाराष्ट्र मिळाला. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना म्हणाल्या, "बघा, सेमीमुळे शिस्तपण आली."

प्राची एकदा माझ्याकडे आली. "बाई, सरांना बरं नाहीये का?"

"का गं?"

"ते आता काही विचारत नाहीत."

मी म्हटलं, "मोठ्या वर्गात असंच असतं." मला माहीत होतं की तसं काही नसतं.

श्रावणात एका रविवारी काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी उमेळ्याला गेले. त्यांच्या वाडीच्या दोन बाजूंना इमारती आल्या आहेत. केळीच्या पानांवरून वर बघितलं की कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले दिसतात. सर विहिरीच्या कठड्यावर पाठमोरे बसले होते आणि मोठ्याने म्हणत होते, "टू डिव्हाइड बाय अ फ्रॅक्शन, वुई मल्टिप्लाय बाय इट्स... इट्स..." मग मांडीवरच्या वहीत बघायचे, पुन्हा आकाशाकडे तोंड करून पहिल्यापासून. वही मी मागून बघितली. सगळं इंग्रजी देवनागरीत लिहिलेलं. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेही कंसात लिहिलेलं.

त्यांच्या पत्नीने मला खुणेने ओट्यावर बोलावलं. त्यांना मी काकू म्हणत असे. "दोन महिने हेच चाललंय बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जेवताना पन तेच, आंघोळीला पन तेच. मी म्हनते, त्या नव्या मॅडमना विचारा, त्याना येते इंग्रजी. तं म्हनतात, नाय. कोनाला कळता कामा नये."

"पण का?"

"बारकेपनीचं हाय ते," काकू म्हणाल्या. "पयल्या दिवशी शाळेत पानी मागितलं, आपल्या घरी बोलतो तसंच. मास्तरानी सगळ्याना हसवलं नि याना मागच्या बाकावर बसवलं. वरीसभर. येत सगळं होतं, पन तोंड उघडायची भीती. आता तेच परत आलंय. तुमी शिकवाल काय त्याना?"

मी म्हटलं, "हो, बघते ना." सही घेतली, चहा प्यायले, परत आले. आणि शिकवलं नाही. ते मोठे आहेत, त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दिवाळी जवळ आली होती हे होतं. आज हे लिहिताना मला लाज वाटते, तेव्हाही वाटत होती, पण तेव्हा मी तिला दुसरं नाव दिलं होतं.

दिवाळीच्या सुटीआधी आठ दिवस मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सरांचा नमुना पाठ ठेवला. संस्थेचे दोन वयस्क विश्वस्त, काही पालक आणि मी, मागे खुर्च्यांवर. प्राचीचे वडील दुधाची फेरी संपवून थेट आले होते, हातात अजून पाव लिटरचं माप होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी. टेबलावर खडूंचा डबा.

"गुड मॉर्निंग. टुडे वुई विल लर्न डिव्हिजन ऑफ फ्रॅक्शन्स." फळ्यावर त्यांनी अर्धा भागिले पाव असं मांडलं. "टू डिव्हाइड बाय अ फ्रॅक्शन, वुई मल्टिप्लाय बाय इट्स..."

ते थांबले. विहिरीवर ज्या शब्दापाशी थांबायचे, तिथेच. मला शब्द माहीत होता. माझ्या ओठांवर होता. सरांनी खडूंच्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतून चिकटवलेला कागद मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग समोर हाताची घडी घालून बसलेल्या मुलांकडे बघितलं, आणि झाकण लावून टाकलं. पंखा फिरत होता. विश्वस्तांपैकी एकाने खाकरून घड्याळ बघितलं.

प्राची उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही बसा ना. तुमची जागा रिकामी आहे."

"ए, गप बस!" मागून तिचे वडील कासावीस होऊन म्हणाले. मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

प्राची बसली नाही. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज रोजचाच होता. "कुणीच बसलं नाहीये तिथे. आम्ही ठेवलीय."

सरांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी हातातला खडू बघितला. मग ते बोलले तेव्हा त्यांच्या बोलण्यातला ण गळून पडला होता. एरवी फार आनंदात किंवा फार रागात असले तरच तसं व्हायचं.

"खरंच येत नाय गं मला हे," ते म्हणाले. "या वेळी खोटं नाय. कोन शिकवेल?"

तीसेक हात वर झाले. सरांनी खडू प्राचीच्या हातात दिला आणि बाकांच्या मधून चालत जाऊन, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर, आमच्या अगदी पुढ्यात, बसले.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. सरांचा हात पहिल्या मिनिटालाच वर गेला. "तो शब्द कोणता? इट्स काय?"

"रेसिप्रोकल, सर."

"म्हणजे?"

"उलटा करायचा. वरचा खाली, खालचा वर."

"कोणाला?"

इथे प्राची गडबडली. तिने पहिल्याच अपूर्णांकाला उलटं केलं आणि उत्तर काढलं अर्धा. वर्गातून दोनचार आवाज आले, नाही, नाही. सर म्हणाले, "थांबा. ती म्हणते अर्धा, तर अर्धा. पण मला सांगा, अर्ध्यात पाव किती वेळा जातो ते आपण शोधतोय. अर्धाच वेळा जातो?" वर्ग पेटला. कुणी म्हणे दोनदा, कुणी म्हणे भागल्यावर उत्तर कमीच यायला पाहिजे, अर्ध्याचे दोन होतीलच कसे? मराठी, इंग्रजी, हिंदी, सगळं एकदम. घड्याळ बघणारे विश्वस्त शेजारच्याला म्हणाले, "खरंच की हो, भागून वाढलं कसं?"

आणि तेव्हा मला माझा साक्षात्कार झाला. रेसिप्रोकल हा शब्द मला पाचवीपासून येत होता. उलटा करायचा आणि गुणायचं, हे मी अस्खलित इंग्रजीत झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण उलटा का करायचा? मला माहीत नव्हतं. मला कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेदेखील माहीत नव्हतं. दिवाळीनंतर मी हाच वर्ग घेणार होते.

माझा हात वर गेला. शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा. "पण उलटा करून चालतं कसं?" मी विचारलं.

सरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ते इतके खूश झाले होते की मला रडू येईल असं वाटलं.

उत्तर आलं ते प्राचीच्या वडिलांकडून. बराच वेळ ते खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी हातातलं माप उंच करून उठलेच. "अहो, हे पाव लिटरचं माप. एका लिटरात ही मापं किती? चार. मग अर्ध्या लिटरात त्याच्या निम्मी. दोन. रोज सकाळी करतो मी हे, यात इंग्रजी काय आणि मराठी काय!"

प्राची फळ्यापाशी जागच्या जागी उडाली. "म्हणजे पावाला उलटा केला की चार! एका लिटरात किती ते कळतं! मग जेवढे लिटर, तेवढ्याने गुणायचं! म्हणून दुसऱ्याला उलटं करायचं, पहिल्याला नाही!"

"आता हेच मला इंग्रजीत सांग," सर म्हणाले, "आणि हळू सांग. मी ढ आहे."

तिने सांगितलं. मोडकंतोडकं, पण सांगितलं. जिथे शब्द अडला तिथे बाकीच्यांनी हात दिला, एकदा मीही दिला. घंटा झाली ती कुणी ऐकली नाही. शेवटी सरांनी डबा मागवला आणि पहिल्या अपूर्णांकाला उलटं करण्याची थोर चूक केल्याबद्दल प्राचीला अख्खी सुकेळी मिळाली. त्या शाळेच्या इतिहासात अख्खी कुणाला मिळाली नव्हती.

विश्वस्त जाताना मोठ्या बाईंना म्हणाले, "वर्ग त्यांच्याकडेच ठेवा. गोंगाट फार आहे, पण ठेवा." प्राचीचे वडील सरांच्या पाया पडायला वाकले, तर सर म्हणाले, "तू सहावीत असताना हे मला सांगितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं ना मला!"

वर्ग रिकामा झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. उमेळ्याला वही बघितली होती, काकूंनी सांगितलं होतं आणि तरी मी गप्प बसले, हे सगळं त्यांना सांगून टाकलं. वर्ग हवा होता, हेही. ते ऐकत खडू डब्यात भरत होते.

"तुमचं सोडा," ते म्हणाले. "मी काय केलं बघा. मुलांना म्हणायचो, येत नाही म्हणायला लाजू नका. आणि स्वतःवर वेळ आली तर झाकणाखाली चिठ्ठी. तीस वर्षं येत असताना येत नाही म्हटलं, ते खपलं. येत नसताना येतं म्हटलं, ते पोरांना दोन दिवसांत कळलं." मग म्हणाले, "उद्यापासून मधल्या सुट्टीत मला इंग्रजी शिकवाल?"

मी म्हटलं, "शिकवते. तुम्ही मला भागाकार शिकवा."

पुढचं दीड वर्ष त्या बाकावर आम्ही दोघं बसत होतो. इंग्रजी शब्द त्यांना एकेक करून भेटले आणि प्रत्येकाशी ते भांडले. इम्प्रॉपर फ्रॅक्शन त्यांना मुळीच आवडला नाही. "मराठीत अंशाधिक म्हणतात, अंश अधिक झालाय, नावातच कळतं काय झालंय ते. इंग्रजीत नुसतेच रागावलेत त्याला." मग मुलं दोन्ही नावं लिहू लागली आणि कोणतं जास्त समजावतं यावर वाद घालू लागली. कधी इंग्रजी जिंकायचं, बऱ्याचदा मराठी. टीव्हीवरचं भरतकाम मी काढलं, पण आधीपेक्षा निराळ्या हेतूने. मुलं त्यावर आपापले धडे दाखवत आणि आम्ही दोघं हात वर करत असू. प्राचीचं नाव पटावर राहिलं. त्या जूनला पिवळ्या बसमधून दोन मुलं आमच्याकडे उलटी आली, हे मी मुद्दाम सांगते.

गेल्या एप्रिलच्या शेवटी सर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. भूगोलाच्या बाई रडल्या. निवृत्त होणाऱ्याला आपल्या ताब्यातल्या वस्तूंचा चार्ज द्यावा लागतो, त्याची यादी करून पुढच्याची सही घ्यायची असते. ती आमच्याकडे सगळेच न वाचता करतात. सरांनी त्यांच्या अक्षरात लिहिलेली यादी माझ्यापुढे ठेवली. मोठा कंपास, एक. लाकडी कोनमापक, एक, टोक तुटलेलं. मापांचा संच. खडूंचा पत्र्याचा डबा, झाकणासह. आणि सगळ्यात खाली, 'खिडकीकडच्या रांगेतली शेवटची जागा, एक. चालू स्थितीत.'

मी ती यादी दोनदा वाचली आणि सही केली.

जूनमध्ये नवी सहावी आली. डब्याच्या झाकणातला कागद मी तसाच ठेवला आहे, आणि काकूंनी पाठवलेली सुकेळी खडूंशेजारी पुडीत आहे. पहिल्या तासाला मी खडू टेबलावर ठेवला, म्हटलं, कोण शिकवतंय, आणि मागे जाऊन बसले. बराच वेळ कुणी उठेना. मग पुढच्या बाकावरचा एक बुटका मुलगा फळ्यापाशी गेला आणि पूर्णांकांची बेरीज समजावू लागला. त्याने एक पायरी गाळली. मी हात वर केला.

"मला नाही कळलं. परत सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. अविश्वास, मग कीव, मग एक भलतीच जबाबदारी त्याच्या चेहऱ्यावर आली.

"बाई," तो म्हणाला, "परत सांगतो. पण आता नीट लक्ष द्या हं."

मी लक्ष दिलं.